तिरुमलरावांचा निरुपद्रवी जंतू

म्हैसुरात विजेचे दिवे लागून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा डॉक्टर तिरुमलराव विलायतेहून पदवी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन परतले. चामराजपुरममधल्या घरातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली. येलवालच्या वाटेवरच्या एका तळ्याचं पाणी त्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर टाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी फोडीवर गर्द जांभळे ठिपके उठले. त्या तळ्यात पद्मनाभ रंगारी कापड धुवायचा. एवढा पुरावा डॉक्टरांना पुरला. रंगानं तळं नासतंय, अशी त्यांनी अंमलदाराकडे तक्रार केली आणि पद्मनाभला तळं बंद झालं.

पद्मनाभ बायकोला, सुमित्राबाईला, घेऊन विनवायला आला. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या लाल आणि काळा एवढेच रंग होतात, असं तो परोपरीनं सांगत राहिला. सुमित्राबाईनं फोड निरखली.

"रंग धुतला की फिका होतो, अल्वा? हो की नाही? हा तर रोज वाढतोय."

डॉक्टरांनी दोघांना वाटेला लावलं. महिन्याभरानं मात्र सुमित्राबाईचं वाक्य स्वतःचं म्हणून त्यांनी भरसभेत मांडलं. हा रंग करणारा जंतू आहे, माती-पाण्यात राहतो, माणसाच्या वाटेला जात नाही, असं दीड तास समजावलं आणि त्याच तळ्याचं पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. टाळ्या पडल्या. रंगाऱ्यावरची बंदी कुणाला आठवली नाही.

पुढे नमुने घेताना तळ्याकाठच्या दगडावर डॉक्टरांची पोटरी सोलवटली. आठवड्याच्या आत ताप चढला, पाय सुजला, गळू झालं. त्यांचा सहायक नरसिंहमूर्ती यानं पू बटाट्यावर लावून पाहिला. फोड जांभळी झाली. क्वचित का होईना, हा जंतू माणसाला धरतो, हे छापायला हवं, असं तो चाचरत म्हणाला.

"आणि माझं व्याख्यान?" डॉक्टर कण्हत म्हणाले. "काटा लागला म्हणून लिही."

नरसिंहमूर्तीनं काटा लिहिला नाही. त्यानं नोकरी सोडली, पद्मनाभला बंदी उठवण्याचा अर्ज लिहून दिला आणि जांभळा रंग जंतूचाच, रंगाऱ्याचा नव्हे, याचा पुरावा म्हणून डॉक्टरांच्या पायाची हकीकत जोडली. ती वाचून अंमलदार बराच वेळ हसला, मग त्यानं सही केली.

डॉक्टर दोन महिन्यांनी लंगडत उठले. तेव्हापासून ते डासांवर व्याख्यानं देऊ लागले.