मिक्सर बंद पडलाय

नागपूरच्या एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीकडून यशश्रीला मुलाखतीचं बोलावणं आलं. काम होतं फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं, आणि त्यासाठी मराठी चांगली बोलता यायला हवी होती. जबलपूरच्या गढा भागात वाढलेल्या यशश्रीला मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडायची.

"अर्जात काय लिहिलं तू?" वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदाआत्यानं विचारलं.

"मातृभाषा मराठी."

"मग खोटं काय त्यात? आता बोलायला लाग."

आत्या रेल्वेच्या चौकशी खिडकीवरून निवृत्त झालेली. चिडलेली माणसं तिनं आयुष्यभर पाहिली होती. सराव म्हणून ती वरून यशश्रीला फोन लावायची आणि गिऱ्हाईक बनून कधी बहिरे आजोबा व्हायची, कधी कोणाला बोलूच न देणारी बाई.

"आजोबा, जार ठीक से लगा है क्या?" यशश्री म्हणायची.

"हिंदी! ठेवते मी फोन," म्हणून आत्या खरंच ठेवून द्यायची.

यशश्रीनं घरचा मिक्सर खोलून पुन्हा जोडला. कंपनीचे व्हिडिओ पाहिले, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. हळूहळू जीभ वळायला लागली. मग आत्या शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलू लागली. म्हणे, "माझा नंबर दिसला की तू आधीच सावध होते."

बुधवारी दुपारी असाच एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"नमस्कार, यशश्री का? मी राजश्री, नागपूरहून बोलतेय."

"वा आत्या! आज तर एकदम मॅडम झाली! पण नाक कशाला दाबून राहिली? सर्दी झाल्यासारखी वाटते."

तेवढ्यात पोह्यांची ताटली घेऊन आत्या जिना उतरताना दिसली. यशश्रीनं फोन कानापासून दूर धरून नंबर पुन्हा पाहिला.

"सर्दीच झालीय मला," फोनवरची बाई म्हणाली. "शुक्रवारच्या मुलाखतीची वेळ कळवायला फोन केला होता."

"माफ करा मॅडम! माझी आत्या गिऱ्हाईक होऊन रोज फोन करते. सराव म्हणून."

"काय बोलते?"

"भांडते."

पलीकडे जोरात हसू फुटलं. "मग मीही भांडते. चटणी वाटता वाटता तुमचा मिक्सर बंद पडला, आणि पाहुणे येऊन बसलेत. बोला!"

यशश्री घाबरायचंच विसरली. "ताई, आधी प्लग काढा. भांडं किती भरलं होतं?"

"काठोकाठ."

"मग मोटर तापली असेल. भांडं अर्धं रिकामं करा, थोडा वेळ थांबा. मग भांडं काढून मिक्सर उलटा केला की खाली लाल बटण दिसेल, ते दाबा."

"आणि तरी नाही चालला तर?"

"तर पत्ता सांगा, मेकॅनिक पाठवते. घरी पाटा असेल तर आज त्यावर वाटून घ्या, काहून की पाहुणे काही थांबणार नाहीत."

"काहून की?"

"आमच्या घरात असंच बोलतात, मॅडम. चुकलं का?"

"अहो, आमचे निम्मे फोन वर्धा-भंडाऱ्याचे असतात. तिथल्या लोकांना घरचंच कोणीतरी बोलतंय असं वाटेल."

शुक्रवारी व्हिडिओवर राजश्री मॅडमबरोबर आणखी दोघं होते. त्यातल्या एका साहेबांनी 'हमीपत्र' म्हणजे काय ते विचारलं. यशश्रीला येईना. "सर, हा शब्द मला माहीत नाही," ती सरळ म्हणाली. त्यांनी 'वॉरंटी' असं सांगितल्यावर मात्र ती किती काळाची असते, कशाला लागू होते, सगळं तिनं घडाघडा सांगितलं.

सोमवारी निवड झाल्याचा मेल आला. आत्यानं जिन्यातूनच ओरडून अख्ख्या गल्लीला बातमी दिली. एक महिना नागपूरला राहून प्रशिक्षण घ्यायचं होतं, म्हणून संध्याकाळी यशश्री आईबरोबर बॅग घ्यायला बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेली. यशश्रीला एक निळी बॅग आवडली.

"रंग काय बघून राहिली, चाकं बघ आधी," आई म्हणाली.

यशश्रीनं ती बॅग दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिली. मस्त चालत होती.