एकशे एकावी पिंड

आशाबाईंनी ओल्या मातीचा गोळा तळहातावर फिरवला, त्याला अंगठ्यानं आकार दिला आणि पिंड परातीत ठेवली. नव्वद झाल्या. खाटेवरून साळूबाई बघत होत्या. चैत्रात झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही.

शहरात, मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत आता दोघीच होत्या. सख्ख्या बहिणी, आणि सवतीही. थोरल्या साळूबाईंना मूल होईना म्हणून वडिलांनी धाकटीलाही त्याच घरात दिली, वेरूळला. पुढं नवरा गेला, शेत गेलं, पण श्रावणी सोमवारच्या एकशे एक पिंडी आशाबाईंनी सोडल्या नाहीत. करता करता त्या घुश्मेची गोष्ट सांगत. गोष्टही वेरूळचीच.

साळूबाईंना कुशीवर वळवायला शेजारची मुनिरा रोज सकाळी येई. आज ती काम झाल्यावरही उंबऱ्याशी ऐकत बसली.

"दोघी बहिणी एकाच घरात," आशाबाई सांगत होत्या. "धाकटी घुश्मा रोज एकशे एक पिंडी करायची आन् तळ्यात सोडायची. देवानं तिला लेक दिला. एक दिवस तळ्याच्या काठाला पोराचा पाय घसरला..."

मुनिरा हसली. "असं नाय ते, मावशी. आमचे अब्बा वेरूळला रिक्षा चालवायचे. सवारी कमी आन् गोष्टी जास्त. ते सांगायचे, थोरलीनंच मारलं पोराला. जळायची ना ती. मग लेक जिता होऊन तळ्यातून वर आला. देव थोरलीला मारायला निघाला, तर धाकटीच म्हणली, सोडा तिला."

आशाबाईंचा अंगठा मातीत तसाच राहिला.

"आमच्या घरी अशीच सांगतात," त्या म्हणाल्या आणि पुढचा गोळा घेतला.

साळूबाईंनी छताकडं पाहिलं. त्यांच्या घरी अशी सांगत नसत. एका गोधडीत दोघींना घेऊन आईनं सांगितलेली गोष्ट मुनिराच्या गोष्टीसारखीच होती. आशा लहानपणी त्या जागी डोळे झाकून घ्यायची. मग पाय कधीपासून घसरायला लागला? त्या एकेक श्रावण मागं गेल्या. आशाचा लेक सांडू गेला त्या वर्षी पिंडी झाल्या, गोष्ट झाली नाही. पुढच्या वर्षापासून पाय घसरला.

सांडू पाच वर्षांचा होता. दुपारी विहिरीच्या काठाला, मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यावर चढून आत वाकला होता. साळूबाई लिंबाखाली तुरी पाखडत होत्या. हाक सहज पोचली असती. त्यांनी पोराकडं पाहिलं आणि सूप हलवत राहिल्या.

माझा डोळा लागला होता, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. पण पाखडलेल्या तुरीची भरलेली पाटी संध्याकाळी घरात नेली ती आशानं.

पन्नास वर्षं. तोंडात जीभ होती तोवर त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

साळूबाईंनी डावा हात उचलला. बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. एकदा, पुन्हा एकदा. घशातून नुसता घरघर आवाज आला.

"मावशी, पाणी मागतायत वाटतं," म्हणत मुनिरा आत गेली.

आशाबाई उठून खाटेपाशी आल्या. त्यांनी ते बोट धरलं, हळूच छातीवरून खाली घेतलं.

"राहू दे, अक्का."

साळूबाईंनी मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं. आशाबाईंनी ते पुसलं नाही. मातीचा गोळा त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली.

"शंभर झाल्या. एक तू कर."

मूठ उघडली तेव्हा गोळ्यावर चार बोटांच्या खोल खुणा होत्या. त्याला पिंडीचा आकार नव्हता. आशाबाईंनी त्याला अंगठा लावला नाही. तसाच उचलून परातीत, बाकीच्या पिंडींत ठेवला.

हळदीकुंकू वाहून झालं. वेरूळचं तळं इथं नव्हतं. पाण्यानं भरलेल्या बादलीत त्या एकेक पिंड सोडू लागल्या. मुनिरा चमच्यानं साळूबाईंच्या ओठांवर पाणी घालत होती.

"मग तुमच्या गोष्टीत पुढं काय होतं, मावशी?" तिनं विचारलं. "लेक येतो का वर?"

शेवटचा गोळा हातात राहिला होता. आशाबाईंनी तो पाण्यात सोडला.

"आमच्या गोष्टीत नाय येत."

मग पदराचं टोक भिजवून त्या खाटेशी बसल्या, आणि थोरल्या बहिणीची मातीनं भरलेली बोटं एकेक करून पुसू लागल्या.