दहापर्यंत

वेणूने डावा तळवा गिअरबॉक्सच्या झाकणावर ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. ड्रायव्हरच्या सीटशेजारची फळी कापून हरिचंद्रने परातीएवढी खिडकी केली होती. तिच्यातून खालचं लोखंडी झाकण हाताला लागत असे. उजव्या हाताने तिने सीटमागचा दांडा घट्ट धरला होता. बस प्रत्येक खड्ड्यात आदळत होती, पण तिचे आकडे काही अडखळत नव्हते.

"...आठ, नऊ, दहा."

"आरामात?"

"आरामात."

हरिचंद्रने समाधानाने मान हलवली. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर त्याचा अशा मोजणीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता. चालत्या मशीनवर तळवा ठेवायचा. दहापर्यंत मोजता आलं तर चालू द्यायचं. पाचालाच हात उचलावा लागला तर दमानं घ्यायचं. हात टेकवताच आला नाही तर बंद करायचं, साहेब काही का म्हणेना.

तसा समोर गिअरबॉक्सचा ताप दाखवणारा काटाही होता. उल्हासनगरच्या जुन्या पार्टवाल्या लछमनदासने तो बसवून दिला होता, "ओरिजिनल है, साईं," असं गळ्याला हात लावून सांगत. काटा सत्तरवर असायचा. गाडी चालू असली तरी सत्तर, चार दिवस अंगणात उभी असली तरी सत्तर. इतक्या स्थिर स्वभावाचा काटा हरिचंद्रने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

बस एका कंपनीची जुनी स्टाफबस होती. सीटा काढून त्याने दोन बाकडी ठोकली, स्टोव्हचा ओटा केला, टपावर टाकी चढवली, आत मोरी आणि नळ बसवला. लछमनदास बघून हसला होता. "काका, लोग घर के आगे गाडी रखते हैं. तुमने गाडी के अंदर घर रख दिया."

हसण्यासारखं होतंच. पण रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायला आता आठच दिवस उरले होते, आणि साठवलेलं सगळं या बसमध्ये गेलं होतं. गिअरबॉक्स जळला तर घर गेलं. मग उरत होती पालेगावातल्या भावाच्या, जनूच्या, घरामागची खोली, सामाईक नळ आणि दिवसभर दारातून डोकावणारी जनूची बायको, मोतीबाई.

बसमध्ये राहू, देश बघू, असं तो म्हणाला तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. बायकोने, वेणूने, तेवढं विचारलं, "कधी निघायचं?" हे तो चार माणसांत अभिमानाने सांगत असे.

आज पहिली खरी परीक्षा होती. टाकी भरलेली, भांडीकुंडी, गाद्या, सगळा संसार आत. गिअरबॉक्सचं सील थोडं पाझरत होतं, म्हणून सकाळी त्याने बूच उघडून बोटाने तेल बघितलं होतं. तेल बोटाला लागलं होतं. बदलापूर गाव मागे पडलं आणि चढ लागला.

त्याने दुसरा गिअर टाकला. बस कण्हत वर निघाली.

"मोज गो."

"एक, दोन, तीन..." वैशाखाच्या उन्हात तिचा आवाज पोथी वाचल्यासारखा सपाट येत होता. "...दहा."

"वेणू, कसला तरी वास येतोय."

"कुणी शेतात राब भाजत असेल."

बाजूच्या शेतांतून खरंच धूर उठत होता. हरिचंद्रने स्वतःला पटवून घेतलं. वळण गेलं, चढ आणखी उभा झाला. धूर मागे राहिला, वास मात्र बसमध्येच होता.

"परत मोज."

"एक, दोन, तीन, चार..."

मधेच गिअरचा दांडा त्याच्या हातात थरथरला. खालच्या खिडकीतून निळसर धुराची बारीक रेघ वर आली. त्याने बस कडेला घेतली, ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं. वाकून झाकणाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. एकसुद्धा म्हणता येणार नव्हतं.

वेणूचा तळवा तिथेच होता.

"हात काढ!"

"झालेच की दहा. सात, आठ..."

त्याने मनगट धरून हात ओढला. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटली होती. वेणू त्या तळव्याकडे पाहत होती, शेजारणीचा हात बघावा तशी.

त्याने तिला मोरीपाशी नेलं, नळ सोडला आणि तिचा हात धारेखाली धरला. नव्या घरातलं ते पहिलं पाणी.

"दुखतंय?"

तिने आधी हो म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. करंजीचं तेल उडालं तेव्हा कळलं. म्हणजे कळलं नाही, तेव्हा कळलं." तिला स्वतःलाच हसू आलं, आणि ते तिने गिळलं. "मग कोपराखाली चट्टा दिसला. फॅक्टरीच्या दवाखान्यात बोर्ड लावलाय ना, सुन्न चट्ट्याला सुई टोचून बघा म्हणून? बघितली टोचून."

हरिचंद्र त्या बोर्डासमोरून तीस वर्षं गेला होता. त्यावरचा शब्द त्याच्या मनात आला, पण तोंडात आला नाही.

"बरा होतो म्हणून पण लिहिलंय त्यावर," तो म्हणाला.

"खाली लिहिलंय. बारीक अक्षरात. मोतीबाई एवढं खाली वाचत नाही." तिने पाण्याकडे बघत सांगितलं. "माझ्या काशीआत्याला हेच झालं तेव्हा आमच्या लोकांनी तिला शेतात खोपटं बांधून दिलं होतं. ताट लांबून सरकवायचे. मी सरकवलंय, अहो. या हाताने."

"उजवा ठेवायचास मग झाकणावर."

"दांडा कशाने धरू? डाव्यात धरलेलं कधी सुटतं, कळत नाही."

"अगं, पण मोजायचीस कशाला? मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर निघालो असतो का आपण?" ती म्हणाली. "मला वाटलं, गाडीत बरं. सामाईक नळ नाही, शेजार नाही. कोण विचारणार, वहिनी, बांगड्या का भरत नाही डाव्या हातात?"

हरिचंद्र बाकड्यावर बसला. कधी निघायचं, एवढंच तिने विचारलं होतं. ती गोष्ट त्याने लछमनदासलासुद्धा दोनदा सांगितली होती.

खाली तेल ठिबकत होतं, रस्त्यावर काळा डाग पसरत होता. तो दिसूनही हरिचंद्र उठला नाही. स्वच्छ धोतराचा तुकडा फाडून त्याने तिचा तळवा बांधला. मग दारातून वाकून कडेच्या वाळल्या गवताची एक काडी तोडली.

"गाडी थंड झाली की उतारानेच परत नेतो. सरकारी दवाखान्यात जाऊ. ते विचारतील, कुठपर्यंत कळतं. डोळे मीट."

"आणि क्वार्टर? आठच दिवस उरलेत."

"डोळे मीट म्हटलं ना."

तिने मिटले. तो काडीचं टोक टेकवत गेला. करंगळीला, तिच्या शेजारच्या बोटाला, मनगटाला.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

कोपराच्या वर काडी लागली तशी तिची पापणी हलली. "हो," ती पटकन म्हणाली, वर्गात उत्तर आलेल्या पोरीसारखी. तो पुन्हा खाली आला, चट्ट्याच्या कडेला. काडी कातडीपासून वीतभर लांब असतानाच तो थांबला.

"हो," वेणू म्हणाली. "इथे पण कळतंय."

तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम आला होता.

"बरोबर," हरिचंद्र म्हणाला.

काडी त्याने दाराबाहेर टाकली आणि कोपराच्या वर तिचा दंड धरून तसाच बसून राहिला.