कप्प्यातल्या मापाच्या दोऱ्या

मित्रांनो, तुमच्या घरी कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली एखादी वस्तू झाकून ठेवलेली असेल. तिच्यावर पापडांचा डबा, त्यावर जुन्या लग्नपत्रिका. मीही तशीच एका घरात बसून आहे. हाताने फिरवायची शिलाई मशीन. लुगडं उचललं तर माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अजून दिसेल. जिथे माझ्या मालकिणीचा, पंचफुलेचा, डावा हात टेकायचा, तिथली तेवढी पुसली गेली आहे.

जुन्या वस्तू आपली हकिकत सांगताना हळव्या होतात. मीही होईन थोडीशी. पण मला मुख्यतः राग आलेला आहे. इतकी वर्षं झाली तरी तो गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, पोलादी सुई, बसायला लाकडी पाट. त्या पाटाच्या एका टोकाला सरकत्या झाकणाचा छोटा कप्पा होता. तो ध्यानात ठेवा. बोटीने आणि रेल्वेने मी अमरावतीला आले आणि परकोटाच्या आतल्या एका शिंप्याच्या दुकानात बरीच वर्षं राबले. त्याने पायाची मशीन घेतली तेव्हा मी अडगळ झाले. मग अंजनगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या देवमन नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. बसच्या टपावरून उतरवून त्याने मला डोक्यावर घेतलं आणि गावाबाहेरच्या वस्तीत आपल्या बायकोपुढे आणून ठेवलं. ती पंचफुला. तिने पदराने माझं अंग पुसलं, कापड न लावताच दांडा फिरवला आणि कान देऊन माझा आवाज ऐकत बसली.

गावात शिंपी होता. पण वस्तीतल्या माणसांच्या अंगाला हात लावून तो माप घेत नसे. ओट्याखाली उभं करायचा, लांबून नजर टाकायचा आणि अंदाजाने कापायचा. बाही एक आखूड, एक लांब. कोणी बोललं तर म्हणायचा, तुम्हाला कुठं कचेरीत जायचं आहे. माझ्या रागाची सुरुवात तिथून आहे, मित्रांनो. माणसाला नीट मापाचं कापडसुद्धा मिळू नये?

पंचफुलेने आपली एक जुनी चोळी उसवली, तिचे तुकडे जमिनीवर मांडले आणि त्यावरून कापणं शिकली. पहिली चोळी फसली, दुसरी जमली. मग वस्तीतल्या बाया, पुरुष, लेकरं तिच्या दारात येऊ लागली. ती प्रत्येकाला जवळ उभं करी आणि खांद्यावर हात ठेवून माप घेई. मला आठवतं, एक म्हातारा तर माप देताना अंग चोरूनच उभा राहिला. त्याला सवयच नव्हती.

पंचफुलेला आकडे येत नव्हते, म्हणून तिने आपली रीत काढली. प्रत्येक माणसाची एक दोरी. छातीला एक गाठ, बाहीला एक, उंचीला एक. दोरी कोणाची हे ओळखायला तिच्या एका टोकाला त्या माणसाच्या पहिल्या कपड्याची चिंधी बांधायची. दुसऱ्या टोकाला सध्या जे शिवायचं आहे त्याची चिंधी. काम झालं की ती दुसरी चिंधी सोडायची. या सगळ्या दोऱ्यांची जुडी माझ्या कप्प्यात असे. वस्तीतली सगळी माणसं माझ्या पोटाशी झोपलेली आहेत असं मला वाटे.

छप्पन साली पोळा झाल्यावर वस्तीत बातमी आली. दसऱ्याला नागपूरला जायचं. बाबासाहेब धम्म देणार. अंगावर पांढरे कपडे हवेत. देवमनने जिनिंगमधून येताना पांढऱ्या कापडाचं ठाण आणलं आणि माझ्या कप्प्यातल्या दोऱ्यांच्या टोकांना एकामागून एक पांढऱ्या चिंध्या लागल्या.

हे सगळं गुपचूप चाललं होतं. वस्तीतली बहुतेक माणसं खुशालरावांच्या वावरात कामाला होती. दसऱ्याच्या सुमारास कपाशी फुटते, आणि वेचणी सुरू करताना वावरात सीतादहीची पूजा करायची तिकडे पद्धत आहे. खुशालराव ती दसऱ्यालाच करत. त्यांना आधी कळलं तर ते माणसं अडवतील, म्हणून निघायच्या दिवसापर्यंत कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. सगळ्यात मोठी भीती मैनेला होती. मैना विधवा होती, खुशालरावांच्या गोठ्यात शेण काढायची आणि त्यांच्याच वावराच्या कडेला खोपडी, म्हणजे झोपडी, घालून राहायची. बाकीच्यांचं काम गेलं असतं. तिचं घर गेलं असतं.

नेमकी तेव्हाच मी अडले. दोष कोणाचा? पंचफुला मला जवसाचं तेल घालायची. घरात तेच होतं, आणि आपण खातो ते तेल मशीनला वाईट कसं असेल असं तिला वाटे. पण जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं चिकटतं. त्यात पांढऱ्या कापडाची लव बसली. टाके सुटू लागले, दांडा फिरेना. देवमन जिनिंगला जाताना मला अंजनगावच्या बाजारात केशवरावांच्या दुकानात ठेवून गेला. पंचफुला वावरात होती. संध्याकाळी तिला कप्पा आठवला. पण देवमनला एवढंच म्हणाली की दोऱ्याच तर आहेत, दोऱ्यांचं कोण काय घेतो.

केशवराव स्टोव्ह, कंदील, कुलपं, मशिनी सगळं दुरुस्त करायचे. हाताला गुण होता, जिभेला लगाम नव्हता. त्यांच्या दुकानात बसलं की सगळ्या तालुक्याच्या घरातलं कळायचं. लोक हसत ऐकायचे. आपल्याही घरातलं असंच दुसऱ्याला ऐकवलं जात असेल हे कोणाच्या मनात येत नसे.

माझा बिघाड खालचा दोरा नेणाऱ्या धोट्यापाशी होता. केशवरावांनी आधी कप्पा उघडला. का उघडला? कप्प्यात ना चाक ना दाता. पण हात गेला, कारण झाकण सरकत होतं. त्यांनी जुडी काढली, चिंध्या पाहिल्या आणि करमणूक म्हणून पुढ्यात ठेवून दिली. थोड्या वेळाने गॅसबत्ती न्यायला खुशालराव आले. केशवराव त्यांना हसत म्हणाले, “पाटील, तुमच्या गावची वस्ती सारी पांढरी होऊन राह्यली. इतक्या जणांचं लगन हाय का काय?”

खुशालराव हसले नाहीत. नागपूरची गोष्ट बाजारात सगळ्यांच्या कानावर होतीच. त्यांनी जुडी उचलून खिशात घातली आणि सांगितलं की ही मशीन दसरा झाल्यावरच द्यायची. केशवरावांनी मान हलवली. मोठं गिऱ्हाईक होतं.

पुढचं मी नंतर मैनेच्या तोंडून ऐकलं, आणि घरातलं बोलणं तिला मनकर्णाबाईंनीच सांगितलं होतं. खुशालरावांनी घरी जाऊन जुडी बायकोपुढे, मनकर्णाबाईंपुढे, टाकली. चिंध्यांवरून माणसं ओळखू येतात का ते त्यांना पाहायचं होतं. बाकीच्या चिंध्या त्यांना मुक्या होत्या. पण एक चिंधी जांभळ्या काठाची होती. मनकर्णाबाईंनी ती हातात घेतली आणि आनंदाने म्हणाल्या, “हा त माह्या लुगड्याचा काठ. मैनेले देल्लं होतं मी.” बोलून गेल्यावर त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला, आणि त्या उठून आत गेल्या. त्या लुगड्याची चोळी पंचफुलेने माझ्यावरच शिवली होती.

खुशालरावांनी गोठ्यातून मैनेला बोलावलं. दसऱ्याला वावरात दिसली नाहीस तर खोपडी खाली कर, एवढंच ते म्हणाले. ओरडले नाहीत. जुडी त्यांच्या हातातच होती.

मैना तडक पंचफुलेकडे आली. तिने शिवी दिली नाही, रडली नाही. उंबऱ्यात बसून म्हणाली, “तुह्या दोरीनं माह्यं घर गेलं वो, पंचफुलाबाई.”

पंचफुला त्या दिवशी कामाला गेली नाही. थेट बाजारात आली. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली होती. तिने माझा कप्पा सरकवून रिकामा आहे हे पाहिलं आणि केशवरावांपुढे उभी राहिली.

“जुडी कुठी हाये?”

“कोन्ती जुडी? त्या दोऱ्या होय? पाटलानं नेल्ल्या,” केशवराव म्हणाले. “दोऱ्यात का सोनं होतं का वं? इतकी काहून तापून राह्यली?”

“मी तुमाले मशीन नीट कराले देल्ली होती, केशवराव. माह्यी मानसं पाहाले नाई देल्ली.”

“मंग कप्पा रिकामा करून द्याचा होता.”

“तुमच्या घरी पाव्हणा आला अन् फडताळ उघडं दिसलं, त तो हात घालते का? अन् घातला त तुमी कुलूप नवतं म्हून सोताले बोल लावान का त्याले?”

बाकावरचा एक जण हसला, केशवरावांना. केशवराव चिडले. मशीन दसऱ्यानंतर मिळेल, आता काम फार आहे, असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.  पंचफुलेने पदराची चुंबळ केली, मला बिघडलेल्या अवस्थेत उचलून डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. मागून केशवराव ओरडले, “उघडशीन त जन्मात जुळाची नाई ते.” ती थांबली नाही.

घरी आल्यावर तिने मला अंगणात उन्हात ठेवलं.  केशवराव म्हणाले ते खरं ठरलं असतं तर वस्तीचे कपडे अर्धवट राहिले असते. तिने धुतलेलं धोतर जमिनीवर अंथरलं. जो स्क्रू आधी निघाला तो डाव्या टोकाला, त्यानंतरचा त्याच्या शेजारी, अशी ओळ मांडत गेली. लेकरांना सांगितलं की या धोतरावर पाय पडला तर जेवण नाही. धोटा निघाला, कापड सरकवणाऱ्या दात्यावरची पट्टी निघाली, आणि खाली लवेचा नमदा झालेला दिसला. तो तिने दाभणाने उकरून काढला. चिकटलेल्या जागी घासलेटात भिजवलेली चिंधी धरून बसली. डिंक सुटेपर्यंत दांडा मागेपुढे, मागेपुढे. मित्रांनो, मला त्या दिवशी किती बरं वाटलं म्हणून सांगू. माझ्या आत पहिल्यांदाच माझ्या घरचा हात फिरत होता. देवमनने जिनिंगमधून बाटलीत थोडं यंत्राचं तेल आणलं. मग तिने उजव्या टोकापासून उलट उचलत सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. तिने पुन्हा सगळं खोललं. दुसऱ्या वेळी काही उरलं नाही.

दांडा फिरला. टाका एकसारखा पडला.

माणसांना परत बोलावून नवी मापं घेतली. दोऱ्या नव्या केल्या, पण एकीलाही चिंधी नव्हती. कोणती दोरी कोणाची हे पंचफुलेच्या बोटांनाच ठाऊक, ती कोणाला सांगत नसे. माप द्यायला सगळ्यात शेवटी मैना आली. पंचफुला तिला म्हणाली की तू गावातच राह्य, तुले कोनी नाव नाई ठेवाचं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं होतं.

मैनेने हात पसरले आणि म्हणाली, “घे माप. अन् माहं पयले शिव. लोकाच्या वावरातली खोपडी हाये ते. आज नाई त उद्या काढाचीच होती त्यानं.”

दसऱ्याच्या आधी सगळे निघाले. चोरून नाही. आता लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं. दिवसाउजेडी, पांढरे कपडे घालून, गावातल्या मोठ्या रस्त्याने अंजनगावच्या छोट्या रेल्वेगाडीकडे गेले. मैना सगळ्यांच्या पुढे होती. मी घरातच होते, पण एवढी पावलं एकदम जाताना कसं वाजतं ते मी ऐकलं.

गोष्ट इथे संपवली तर तुम्ही टाळ्या वाजवाल. मी संपवणार नाही. नागपूरहून परत आल्यावर मैना खोपडीकडे गेली, तर छप्पर ओढून काढलेलं होतं. गाडगी, जातं, तिच्या नवऱ्याने केलेली बाज, सगळं बांधावर पडलेलं. जुडी कधी परत आली नाही. केशवराव पुढेही दुकान चालवत राहिले. एकदा बाजारात भेटले तेव्हा पंचफुलेला म्हणाले की त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. नसेलही. मनात काही नसताना एका बाईचं घर मोडता येतं, हेच तर मला सहन होत नाही.

मैना पंचफुलेच्या घरी राहिली. वस्तीने तिला कुडाची खोली बांधून दिली तोपर्यंत तीही माझा दांडा फिरवायला शिकली होती. वस्तीतल्या बायांनी कंदील, स्टोव्ह घरीच उघडायला सुरुवात केली. साठ साल उलटल्यावर आजूबाजूच्या गावांतल्या बाया आपल्या अडलेल्या मशिनी पंचफुलेकडे आणत. ती कप्प्याला हात लावत नसे. मालकिणीलाच म्हणे, पयले तो रिकामा कर, मंग दे. आत काय होतं हे ती पाहतही नसे, पाठ करून उभी राही.

पुढे तिची लेक शकुन अकोल्याला नोकरीला लागली, पायाची मशीन घेतली आणि मला सोबत नेऊन कोपऱ्यात ठेवलं. पंचफुला गेली. आता मला तेल कोणी घालत नाही. माझ्यावर लव साचते, सुई गंजली आहे. तक्रार नाही, वय झालं.

पण मित्रांनो, तुमच्या घरातली यंत्रं तुम्ही स्वतः पुसा, उघडा, त्यांना काय हवं ते ओळखा. स्क्रू ओळीने मांडा, घाबरू नका. ज्याला आपलं यंत्र कळत नाही, त्याचं घर दुसऱ्याच्या दुकानात उघडं पडतं. नाइलाज झाला तर खुशाल कारागिराकडे द्या, पण तुमचं जे काही आत असेल ते काढून घेऊन द्या. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी कारागीर झालात, कोणाची वस्तू विश्वासाने तुमच्या हाती आली, तर बिघाड असेल तिथेच हात घाला. चुकून दुसरं काही दिसलंच तर झाकण सरकवा आणि गप्प राहा. तुम्ही बोलाल ते वाक्य दुकानात हसण्यावारी जाईल. कुठल्यातरी बांधावर मात्र कोणीतरी आपलं जातं उचलत असेल.