डावीकडून तिसरा डबा

बुधवार हा ड्रायव्हरसाहेबांच्या सुट्टीचा वार. बायको पोस्टात नोकरीला, तिला बुधवारी रजा नाही, म्हणून त्या दिवशीचा स्वयंपाक साहेबांकडे. साहेब कसले, सात नंबरची बस चालवणारा साधा माणूस. पण चालवायचा अशा ऐटीत, की अख्खा डेपो त्याला साहेबच म्हणायचा.

या बुधवारी मात्र अकरा वाजता डोळ्यांची तपासणी होती. कागदावर शिक्का पडला तर बस चालवायची. नाही तर डेपोच्या खिडकीत बसून पास विकायचे.

गेले सहा महिने शहर त्याला विरघळल्यासारखं दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडायचंही. सिग्नलचे दिवे फुलून येत. इमारतींच्या कडा जुन्या चादरीसारख्या मऊ पडलेल्या. थांब्यावरची माणसं जमिनीपासून जरा वर तरंगायची, कुणालाच वय नसायचं. बायकोसुद्धा लग्नातल्यासारखी दिसायची. आता अशा डोळ्यांची तक्रार कोण करेल, तुम्हीच सांगा!

गेल्या आठवड्यात तर त्याने एका लाल टपालपेटीसाठी बस थांबवली, दार उघडलं आणि "चला, चढा लवकर" असं तिला दोनदा बजावलं. अख्खी बस खो खो हसली. तोही हसला. घरी सांगितलं तेव्हा बायको तेवढी हसली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मध्येच फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. साहेब टुणकन उठले. भिंतीवरच्या तक्त्याला नाक लावून वरपासून खालपर्यंत सातही ओळी वाचल्या. ज्याला बेचाळीस थांबे झोपेतही पाठ, त्याला सात ओळींचं काय! बाई परत आल्या, एकेक डोळा झाकायला लावला, आणि याने घडाघडा म्हणून दाखवलं.

"वा! घारीची नजर आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. बाहेर वीस माणसं ताटकळली होती. शिक्का पडला.

तो तरंगतच घरी आला. वाटेत गाजरं घेतली, बटाटे घेतले. भाजीवालीचा चेहरा म्हणजे ऊन पडलेला एक गोल, आणि त्या गोलाने सुटे पैसे परत दिले. दुपारभर स्वयंपाकघरात वाफ आणि ऊन एकमेकांत मिसळत राहिलं. गाजर-बटाट्याचं सूप रटरटू लागलं. फळीवरचे डबे त्याला थांब्यांसारखे पाठ होते: डावीकडून पहिला पीठ, दुसरा मिरपूड, तिसरा मीठ. तिसऱ्यात चमचा घातला, दोन चमचे सोडले, आणखी एक सोडला. चाखून बघायची त्याला सवयच नव्हती. चाखायचं म्हणजे हाताचा अपमान, असं तो छाती फुगवून सांगायचा.

संध्याकाळी बायको आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली. पहिला चमचा दोघांनी एकदमच तोंडात घातला.

सूप गोड होतं. नुसतं गोड नाही, गोडमिट्ट.

बायकोने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. तेच त्याला सहन होईना.

"अगं, थुंकून टाक की!"

"अहो, काल मी डबे घासले," ती हळूच म्हणाली. "मीठ उजवीकडे नेलं, त्याच्या जागी साखर ठेवली. आणि सगळ्यांवर नावं चिकटवली. तळहाताएवढी अक्षरं काढलीत."

तो फळीकडे बघत राहिला. तिथे पांढरं पांढरं काहीतरी होतं खरं.

"परीक्षा घेत होतीस माझी?"

"नाही हो. म्हटलं, तुम्हाला सोपं जाईल." तिने चमचा खाली ठेवला. "तुम्ही पेटीला माणूस समजलात, सगळे हसले. उद्या माणसाला पेटी समजलात तर?"

खिशातला कागद त्याने टेबलावर ठेवला. घड्या उलगडल्या, पुन्हा घातल्या.

"पाठ केलं मी. सगळा तक्ता." आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा, "मला दिसत नाही गं."

सुपावर साय धरली.

"उद्याच्या पहिल्या फेरीला मी जाणार नाही," तो म्हणाला. "डेपोत कळवतो. आणि त्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. नंबर कागदावर आहे, तूच वाच."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, सकाळचा ड्रायव्हर. पाठांतर झकास आहे, नजर नाही. पुन्हा तपासा म्हणावं."

ती हसत होती की रडत होती, टेबलापलीकडून त्याला कळेना. म्हणून तो उठला, पलीकडे गेला आणि तिच्या चेहऱ्याला नाक लागेल इतका जवळ वाकला. ती रडत होती. कानांवरचे केस पांढरे झालेले, डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या. या कधी पडल्या, ते त्याला माहीतच नव्हतं.