लांब शिट्टी

शिट्टी झाली तशी तिने क्रेनचा दांडा मागे ओढला. सळ्यांचा भारा सहाव्या मजल्याजवळ अधांतरी थांबला.

लांब शिट्टी म्हणजे थांब. कोणी वाजवली, का वाजवली, ते नंतर विचारायचं. क्रेन चालवणाऱ्यांचा हा नियम तिने झोपेतही मोडला नसता.

वॉकीटॉकी खरखरला. "आता का थांबलीस?" खालून इंजिनिअर साहेब विचारत होते.

"शिट्टी झाली, साहेब."

"सकाळपासून तिसऱ्यांदा! काका, लक्ष कुठंय तुमचं?"

काका जमिनीवरून शिट्टी वाजवून तिला वाट दाखवायचे. ती क्रेन शिकली तीच त्यांच्या शिट्टीवर. त्यांनी मान खाली घातली. "चुकलं, साहेब."

"पुन्हा चुकलं तर उद्यापासून येऊ नका. वय झालंय तुमचं."

तिला हे काही पटेना. काकांचा हात शिट्टीला लागलाच नव्हता, हे तिने वरून स्पष्ट पाहिलं होतं. तिने केबिनची खिडकी उघडून खाली डोकावलं. केबिनच्या अगदी खालीच, परांचीच्या एका पोकळ पाइपच्या तोंडाशी साळुंकी बसली होती, आणि आतून तीन पिवळ्या चोची वासलेल्या. पिल्लांना भरवून झाल्यावर साळुंकीने गळा फुगवला आणि हलकेच एक शिट्टी घातली. हुबेहूब काकांची, शेवटच्या झटक्यासकट.

तिला हसू आवरेना. बाईसाहेबांनी पोरं सांभाळून नोकरीही धरली होती!

ती साहेबांना सांगणार, तोच खाली त्यांनी काकांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. "आणा, मीच वाजवतो." दोन छोट्या शिट्ट्या झाल्या. तिने भारा चढवायला घेतला, आणि लगेच एक लांब शिट्टी दोन इमारतींच्या मध्ये खणखणीत घुमली. तिने दांडा ओढला. साहेब हातातल्या शिट्टीकडे बघत राहिले.

झालं, काका सुटले, असं तिला वाटलं.

काकांनी मात्र घाईघाईने दोन बोटं तोंडाशी नेली. "मीच, साहेब. बोटांनी वाजवली. सवय जात नाही."

वॉकीटॉकीच्या बटणावरचा तिचा अंगठा तसाच राहिला. मागच्या महिन्यात टाकीवरचं घरटं साहेबांनी काढायला लावलं, तेव्हा पिल्लांचं पोतं काकांनाच उचलावं लागलं होतं. त्या दिवशी ते जेवले नव्हते. म्हणजे आजही त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं, आणि हा माणूस मुकाट्याने स्वतःच्याच पोटावर पाय देत होता. तिला त्यांचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

"ऐकलंस ना? स्वतः कबूल करतायत!" साहेब म्हणाले.

"ऐकलं. वाजवली ते बरंच झालं, साहेब. भारा कलंडतोय, ते मला इथून दिसत नव्हतं. जरा मागे व्हा."

तिने दांडा केसभर हलवला. भारा डुलला. साहेब दोन उड्यांत भिंतीशी.

भारा स्थिर झाल्यावर ते परत आले. शिट्टी शर्टाला पुसून त्यांनी काकांच्या हातात ठेवली. "हे आधी सांगायचं नाही का, काका?"

"राहिलं खरं," काका म्हणाले, आणि चढवायची खूण केली.

भारा हातभर वर गेला, तोच पुन्हा लांब शिट्टी झाली. काकांचे दोन्ही हात खाली होते. साहेबांची नजर भाऱ्यावर खिळलेली. ती काही बोलायच्या आत तेच वॉकीटॉकीवर ओरडले,

"थांब, थांब! काकांना काहीतरी दिसलंय!"