टेकडीवरून आलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना बावटा आहे. अर्धा लाल आणि अर्धा पिवळा, म्हणजे होतो. आता लाल कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, हे मलाच सांगता येणार नाही. अमरावतीच्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत मी पडलेला असतो. कधी कोणी उचललेच, तर फळा पुसायला. फार थकलो आहे मी. ऐकणारे भेटले की जुने सांगावेसे वाटते, एवढा एक उत्साह उरला आहे.

माझा जन्म चिंतामण मास्तरांच्या घरी झाला. तेव्हा आपले वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते आणि शाळाखात्याचे हुकूम नागपूरहून येत. शाळाशाळांतून स्काउटची पथके काढावीत, असा एक हुकूम आला. तो सगळ्या मास्तरांनी वाचला आणि अखेर चिंतामण मास्तरांच्या गळ्यात पडला. मास्तर भूगोल शिकवीत. अंगाने किडकिडीत, थंडी सुरू झाली की खोकला मुक्कामाला आलाच म्हणून समजा. पण गळ्यात पडलेले काम त्यांनी हार घातल्यासारखे मिरवले.

त्यांच्या पत्नीने, रमाबाईंनी, आपले एक विटलेले लाल लुगडे फाडले. मास्तरांच्या धोतराचा तुकडा हळदीत बुडवून वाळवला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी शिवण घालून त्यांनी आम्हा चौघा भावंडांना शिवले. दोन जोड्या. आमच्या पहिल्या काठ्या तुराट्यांच्या होत्या आणि पोरांनी त्या पहिल्याच दिवशी मोडल्या. मग बुरडाकडून बांबूच्या काठ्या आल्या. "आता या मोडल्या तर तुमच्या पाठीवरच मोडतील," असे रमाबाई म्हणाल्या आणि प्रत्येक पोराच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

आमचे काम निरोप पोचवण्याचे. एका मुलाने दोन हातांत दोन बावटे धरून उभे राहायचे. हात जसे धरावे तसे अक्षर होते आणि दूर उभा असलेला दुसरा मुलगा ते वाचतो. पुस्तकात ही अक्षरे इंग्रजी होती. मास्तरांची अर्धी पोरे दर्यापूर आणि नांदगावकडच्या खेड्यांतून शिकायला आलेली, त्यांचे इंग्रजी अजून चाचपडत चालायचे. म्हणून मास्तरांनी आपली बाराखडीच हातांवर बसवली. क असा, ख तसा. काना द्यायचा तर उजवा बावटा एकदा झटकायचा. 'ण'ला वेगळी खूण त्यांनी ठेवलीच नाही. "आपली पोरं पाणी कुठं म्हणतात? पानी म्हणतात. मग एक खूण उगाच कशाला वाढवायची?" असे ते म्हणत. जसे बोलता तसेच दाखवा, हा त्यांचा नियम होता.

हिवाळ्याचे रविवार म्हणजे माझे सुखाचे दिवस. उजाडताना पथक निघे. वडाळीच्या तलावावर वाफ तरंगत असे, पोरांच्या तोंडातूनही वाफ निघे आणि ती पाहून त्यांना बिडी ओढल्याचे सोंग करावेसे वाटे. गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला प्रत्येकाने सकाळी एक गाठ मारलेली असायची. दिवसभरात कोणाचे तरी एक भले काम केले की ती सोडायची. कोणी वेचणीच्या बाईचे कापसाचे गाठोडे डोक्यावर चढवून देई, कोणी वाटेतला काटा बाजूला करी. एकदा एकाच काट्यावर तिघांनी तीन गाठी सोडल्या, तेव्हा मास्तरांनी तिघांनाही परत बांधायला लावल्या.

पोहऱ्याच्या वाटेला टेकडीच्या पायथ्याशी दुर्गाबाईंचे वावर होते. बाई विधवा, शेती स्वतः पाहणारी, आवाज असा की पलीकडच्या वावरातले बैलही मान वर करीत. दरवर्षी आमचे पथक तिथे उतरे. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले जात आणि ज्वारीचा कोवळा हुरडा मिळे. स्काउट एकमेकांशी डावा हात मिळवतात. पहिल्या वर्षी एका पोराने तोच हात दुर्गाबाईंपुढे केला. "डावा हात देऊन राहिला का रे मले? मायनं हेच शिकवलं काय तुले?" असे त्या कडाडल्या. हा हात काळजाच्या बाजूचा असतो, म्हणून तो द्यायचा, असे मास्तरांनी समजावले. त्यानंतर त्याही पोरांना डावा हात देऊ लागल्या. हुरडा मात्र त्या हातावर त्यांनी कधी ठेवला नाही.

अशी काही वर्षे गेली आणि शाळेत वसंतराव हेडमास्तर म्हणून आले. पुण्याकडचे गृहस्थ, हुशार आणि सरळ. पण आमच्या पोरांची बोली त्यांच्या कानाला टोचे. एकदा व्हरांड्यात त्यांनी सूर्यभानला विचारले, "काय करतो आहेस?" सूर्यभान दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या पथकाचा नायक. तो म्हणाला, "अभ्यास करून राहिलो, सर."

"करून राहिलास? म्हणजे झाला की! मग आता खेळायला जा."

सूर्यभान खरोखरच खेळायला गेला आणि त्याबद्दल त्याला छड्या बसल्या. आपल्या वऱ्हाडात 'करून राहिलो' म्हणजे 'करतो आहे', हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हेडमास्तरांना ते कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही कोणाला विचारले नाही.

रानोमाळ भटकण्याने पोरे मॅट्रिकला गोते खातील, असे त्यांचे ठाम मत झाले. पथक बंद करण्याबद्दल ते नागपूरला लिहिणार होते. हे कळल्यावर मास्तर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "एकदा आमच्याबरोबर चला. पोरांचं काम पाहा. मग बंद करा, मी अवाक्षर काढणार नाही." हेडमास्तर कबूल झाले. ठरलेल्या रविवारी मास्तरांच्या अंगात ताप होता. रमाबाईंनी दारातच अडवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "रमा, हा रविवार गेला तर पथक गेलं." आणि मफलर गुंडाळून निघाले.

त्या दिवशी ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. बुटाचा बंद सुटला म्हणत, पण बंद बांधलेलाच असे. सूर्यभानने त्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

दुर्गाबाईंच्या वावरात पोचल्यावर हेडमास्तरांनी परीक्षेचा बेत सांगितला. मास्तरांनी थोडी पोरे घेऊन टेकडीवर जावे आणि तिथे सुचतील ते निरोप पाठवावेत. खाली ते वाचायला एकच मुलगा राहील. बाकीच्यांनी गोवऱ्या आणि पाणी आणायला जावे, म्हणजे कोणी कोणाला उत्तर सांगायला नको. वरची जोडी सूर्यभानच्या हातात गेली. मी आणि माझा भाऊ खाली नारायणच्या हातात राहिलो. नारायण वकिलांचा मुलगा. त्याने कधी वहीचा समास सोडला नव्हता, मग नियम कुठला सोडणार?

पहिले निरोप छान आले. 'तलाव दिसते' असे वरून आले. नारायण एकेक अक्षर मोठ्याने सांगे आणि हेडमास्तर काडीने ते मातीत लिहीत. "दिसतो. तलाव दिसतो," असे त्यांनी दुरुस्त केले, पण ओठांवर थोडे हसू होते. मला वाटले, जिंकलो आपण.

मग बराच वेळ वर काही हलले नाही. आणि एकदम सूर्यभानचे हात भरभर चालू लागले. मास्तर. पडून. राहिले.

हेडमास्तरांनी मातीतली अक्षरे पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला. "वाहवा! पोरं उन्हात उभी आणि मास्तर पडून राहिले! यासाठी मला एवढं चालवत आणलं?"

"सर, तसं नाही..." नारायण म्हणाला.

"तू अक्षरं सांग. अर्थ मला कळतो."

वरून पुन्हा खूण आली, 'लवकर या'. हेडमास्तर आणखी चिडले. "मी यायचं? त्यांनाच बोलाव. दाखव, 'खाली या'."

मित्रांनो, मी पुष्कळ हातांत राहिलो आहे. गार पडलेले हात, घामेजलेले हात, हुरड्याने चिकट झालेले हात. पण नारायणने त्या वेळी आमच्या काठ्या जशा आवळून धरल्या तशा कोणीच धरल्या नव्हत्या. त्याने आम्हा दोघांना वर उचलले. टेकडीकडे तोंड करून त्याने अक्षरे दाखवली, पण ती हेडमास्तरांनी सांगितलेली नव्हती. त्याने दाखवले, 'येऊन राहिलो'. मग आम्हाला तुरीच्या पिकात टाकले आणि तो टेकडीकडे धावत सुटला.

"नारायण! मागे फीर! शाळेतून नाव काढीन!" हेडमास्तर ओरडले. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

ओरडा ऐकून दुर्गाबाई हुरड्याची टोपली घेऊन आल्या. "काय झालं साहेब? पोट्टं कावून पयालं?" धावत्या नारायणकडे बोट करत त्यांनी विचारले.

"तुमचे मास्तर वर पडून राहिलेत, आणि हा निघाला त्यांच्या सेवेला!"

टोपली बाईंच्या हातातून सुटली. "पडून राहिले? अन् तुमी इथं उभे?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? मानूस उभा राह्यते अन् पडते, पुन्हा उठते अन् पडते! त्याले धराले जा ना!" आणि त्या गड्यांना हाका मारत बांधावर धावल्या.

हेडमास्तर क्षणभर मातीतल्या अक्षरांकडे बघत उभे राहिले. मग धोतर वर खोचून तेही पळाले. कोट बोरीत अडकला तो त्यांनी तिथेच सोडला. पायांत कुसळे शिरली असतील, चप्पल तुटली असेल, पण ते थांबले नाहीत. मी तुरीत पडून एवढेच पाहू शकलो.

मास्तरांना खाली आणले ते दोन लाठ्यांत घोंगडी अडकवून, जसे त्यांनीच पोरांना शिकवले होते तसे. एक टोक सूर्यभानच्या खांद्यावर होते, दुसरे हेडमास्तरांच्या. मास्तरांचा उजवा हात लोंबत होता. तोंड वाकडे झाले होते आणि ते काहीतरी बोलू पाहत होते. दुर्गाबाईंच्या बैलगाडीत घालून त्यांना अमरावतीला नेले. डॉक्टरांनी अर्धांगवायू सांगितला. "आम्ही थोडे आधी पोचलो असतो तर?" हेडमास्तरांनी विचारले. "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. हे मला नारायणच्या तोंडून कळले. तो आम्हाला परत खुंटीला टांगताना सूर्यभानला सांगत होता आणि रडत होता.

नागपूरला पत्र गेले नाही. नारायणला शिक्षा झाली नाही. मास्तर मात्र पुन्हा शाळेत आले नाहीत, आणि वर्षभर मी खुंटीवर होतो. नुसते लटकून राहण्याचाही थकवा येतो, हे मला त्या वर्षी समजले. मधूनमधून संध्याकाळी सूर्यभान मला उतरवून हेडमास्तरांच्या खोलीत नेई आणि दार लावून घेई. आत काय चाले ते मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. हेडमास्तर फार वाईट शिकत. काना आणि वेलांटी यांत त्यांचा नेहमी घोटाळा होई. सूर्यभान त्यांना सांगे, "पुन्हा करा, सर," आणि ते मुकाट्याने पुन्हा करीत.

पुढचा हिवाळा आला. रविवारी उजाडताना पथक निघाले. पुढे हेडमास्तर होते, धोतर नेसलेले आणि गळ्यात स्काउटची शिट्टी अडकवलेले. मास्तरांच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी सगळ्यांना थांबवले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ओट्यावर मास्तर खुर्चीत बसले होते, अंगावर घोंगडी होती आणि शेजारी रमाबाई उभ्या होत्या. हेडमास्तरांनी नारायणकडून आम्हाला मागून घेतले. पाय जुळवले. आणि पुण्याच्या त्या हातांनी, एका ठिकाणी चुकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, अक्षरे दाखवली, 'जाऊन राहिलो'.

पोरांपैकी कोणीही हसले नाही.

ओट्यावर मास्तरांनी डावा हात उचलला. उजवा मांडीवर तसाच पडून होता. एका हाताने अक्षर पुरे होत नाही, मित्रांनो, अर्धेच होते. हेडमास्तर डोळे बारीक करून पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "काय म्हणतात?"

"'या' म्हणून राहिले, सर," सूर्यभान म्हणाला.

त्यानंतर मास्तर दोनच हिवाळे होते. हेडमास्तर पुण्याला परतले, पोरे मोठी होऊन आपापल्या वावरांत आणि कचेऱ्यांत गेली, आणि नव्या मास्तरांनी पुस्तकातली इंग्रजी अक्षरे आणली. ती वाईट नव्हती. पण मास्तरांची बाराखडी आता कोणाच्याच हातांत नाही. माझी भावंडे कुठे गेली तेही मला माहीत नाही.

मला जपा, असे मी म्हणणार नाही. कापड विटायचेच आणि फाटायचेच. जपायचे ते दुसरेच. कोणी आपल्या घरच्या बोलीत तुम्हाला काही सांगू लागला, तर तो अशुद्ध बोलतो म्हणून हसू नका, आणि अर्थ आपल्याला कळलाच असे समजून चिडूही नका. आधी त्याला विचारा. तो तुम्हाला हाक मारून राहिला असेल.